टेबलावरचा क्लस्टर : प्रश्न वाचकांचे

समांतर संगणनाविषयी आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकच आहे. हाताशी तीन-चार साधे संगणक आहेत किंवा कमी खर्चात मिळण्याजोगे आहेत. ते जोडून टेबलावर मावेल असा क्लस्टर उभा करता येईल का, आणि केलाच तर त्याचा उपयोग किती, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, पण पुढची बरीचशी उत्तरे त्याच्यावरच उभी असल्यामुळे ते आटोपते घेतलेले नाही.

प्रश्न : मी पदव्युत्तर प्रबंधासाठी उष्णतेच्या वहनाचे गणिती प्रारूप चालवते. त्रिमितीय जाळीवरचे हे गणित माझ्या संगणकावर रात्र-रात्र चालते. मला तसेच चार कोअरचे आणखी तीन संगणक वापरायला मिळत आहेत. चारही जोडले तर काम एक-चतुर्थांश वेळात होईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : चौपट वेग मिळणार नाही. नेमका किती मिळेल याचा अंदाज मात्र एकही केबल न जोडता, कागद-पेन्सिल घेऊन बांधता येतो, आणि क्लस्टरच्या वाटेला जाण्यापूर्वी तो प्रत्येकाने बांधावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

तुमची जाळी प्रत्येक दिशेला २०० बिंदूंची आहे असे धरू. एकूण ८० लाख बिंदू झाले. काळाचे एक पाऊल पुढे टाकताना प्रत्येक बिंदूचे नवे तापमान त्याच्या सहा शेजाऱ्यांवरून काढावे लागते. हे गणित इतके हलके असते की प्रोसेसरचा बहुतेक वेळ बेरजा-गुणाकारांत न जाता मेमरीतून आकडे आणण्यात आणि परत ठेवण्यात जातो. दर बिंदूमागे साधारण २४ बाइटची ने-आण होते असे मानले, तर एका पावलाला सुमारे १९ कोटी बाइट हलतात. तुमच्या संगणकाची मेमरी सेकंदाला २,००० कोटी बाइट पुरवत असेल, तर एका पावलाला जवळजवळ १० मिलिसेकंद लागतील.

आता हीच जाळी चार चकत्यांत कापून प्रत्येक संगणकाकडे ५० थरांची एक चकती दिली, की गणिताचा वेळ २.४ मिलिसेकंदांवर येतो. येथपर्यंत सगळे मनासारखे आहे. परंतु प्रत्येक पावलानंतर चकतीच्या सीमेवरची तापमाने शेजारच्या संगणकाला कळवावी लागतात. एका सीमेवर ४०,००० बिंदू आणि प्रत्येकाचे ८ बाइट, म्हणजे ३.२ लाख बाइट. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११.५ कोटी बाइटच्या आसपास जातात. त्या हिशेबाने एका सीमेला २.८ आणि मधल्या चकत्यांना दोन्ही बाजू सांभाळायच्या असल्यामुळे ५.६ मिलिसेकंद लागतात. गणित २.४, निरोप ५.६, मिळून ८. चार संगणक राबवून दहाचे आठ झाले.

जाळी मोठी केली की चित्र पालटते. प्रत्येक दिशेला ४०० बिंदू घेतले तर आकारमान आठपट होते, पण सीमेचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. एकट्या संगणकाला आता ७७ मिलिसेकंद लागतील. चौघांना गणितासाठी १९ आणि निरोपांसाठी २२, म्हणजे ४१ लागतील. वेग दुपटीच्या जवळ आला. नेटवर्क अडीच गिगाबिटचे केले तर निरोपांचे २२ मिलिसेकंद ९ वर येतात आणि वेग पावणेतीनपट होतो. चकतीच्या आतल्या बिंदूंचे गणित सुरू असतानाच सीमेची देवाणघेवाण उरकून घेणारा प्रोग्राम लिहिता आला, तर याहूनही अधिक लाभ होईल. या सगळ्या हिशेबात प्रोसेसरचा वेग कोठेही आला नाही, हे लक्षात घ्यावे. तुमच्या प्रारूपात प्रत्येक बिंदूवर रासायनिक अभिक्रियेसारखे जड गणित असते, तर निरोपांचा वेळ त्या मानाने नगण्य ठरला असता.

दुसरी मर्यादा संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो कितीही संगणक आणले तरी तेवढाच वेळ खातो. नव्वद टक्के काम वाटता येत असेल, तर आठ संगणकांवर वेग ४.७ पट होतो आणि असंख्य संगणक लावले तरी दहापटीची मर्यादा ओलांडता येत नाही. फाइल वाचणे, जाळीची सुरुवातीची मांडणी करणे, निकाल एकाच ठिकाणी लिहिणे, ही कामे या न वाटल्या जाणाऱ्या भागात मोडतात आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती नेहमी सुटतात.

आता थोडा निराळा विचार सुचवतो. प्रबंधासाठी हे प्रारूप एकदाच चालवून भागत नाही. उष्णतावाहकतेची मूल्ये, सीमेवरच्या अटी, जाळीची सूक्ष्मता बदलून ते अनेकदा चालवावे लागते. तसे असेल, तर एकच जाळी चौघांत फोडण्याच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक संगणकाला एक संपूर्ण प्रारूप, निराळ्या मूल्यांसह, स्वतंत्रपणे चालवू द्यावे. संगणकांना एकमेकांशी बोलायचेच नसल्यामुळे चार रात्रींचे काम खरोखरच एका रात्रीत उरकते आणि प्रोग्राममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. ॲनिमेशनची चित्रे तयार करणे, यादृच्छिक संख्यांवर आधारलेली अनुकरणे, जनुकक्रमांची एकामागून एक तुलना, मोठ्या संख्येने फाइलींचे रूपांतर, ही सारी कामे याच जातीची आहेत. स्वस्त क्लस्टर जिथे खऱ्या अर्थाने शोभतो ते हेच क्षेत्र, असे आमचे मत आहे.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डांचे क्लस्टर अनेक ठिकाणी दिसतात. क्लस्टरसाठी तसे आठ बोर्ड घ्यावेत की वापरलेले चार छोटे डेस्कटॉप? — एक प्राध्यापक

उत्तर : विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बोर्ड, काम उपसण्यासाठी डेस्कटॉप.

बोर्डांची बाजू कमकुवत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठात २०१२ मध्ये ६४ रास्पबेरी पाय जोडून क्लस्टर बांधला गेला आणि त्याची मांडणी लेगोच्या ठोकळ्यांनी केली होती. लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेसाठी २०१७ मध्ये ७५० बोर्डांची मांडणी तयार झाली. मात्र त्या प्रयोगशाळेला या बोर्डांकडून अणुभौतिकीचे गणित करवून घ्यायचे नव्हते. हजारो नोडच्या (नोड म्हणजे जोडलेल्या यंत्रांतला एकेक संगणक) महासंगणकाची व्यवस्था सांभाळणारे सॉफ्टवेअर पारखायचे, तर प्रत्यक्ष महासंगणक त्यासाठी अडकवून ठेवणे परवडत नाही; म्हणून नोडची संख्या मोठी आणि विजेचा खर्च लहान असलेली तालीम हवी होती. शिकणाऱ्याची गरजही अशीच असते. नोड बंद पडला तर काय होते, कामाची रांग कशी लावायची, निरोप कोठे अडकतात, हे आठ बोर्डांवर जितके चांगले कळते तितके एका दणकट यंत्रावर कळत नाही.

उत्पादक कामाला मात्र हेच बोर्ड लवकर थकतात. जुनी मॉडेले घेताना विशेष जपावे : २०१८ च्या तीन-बी-प्लस मॉडेलवर गिगाबिटचे पोर्ट आहे, पण ते आतून यूएसबी २ मार्गे जोडलेले असल्यामुळे वेग ३०० मेगाबिटच्या पुढे जात नाही. पूर्ण गिगाबिट वेग २०१९ च्या चौथ्या पिढीपासून मिळू लागला. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. त्यामुळे पंखा न लावता रचलेल्या बोर्डांच्या चळतीत मधले बोर्ड मागे पडतात आणि सगळ्यांचे काम त्या मागे पडलेल्यांसाठी खोळंबते. मेमरी कार्डावर सतत लिहीत राहिल्यास ते झिजते. त्यासाठी बोर्ड नेटवर्कवरून सुरू करणे किंवा एसएसडी जोडणे इष्ट. शिवाय या बोर्डांचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला आहे. मुक्त सॉफ्टवेअर त्यावर बहुधा चालते, पण तुमच्या विषयातले एखादे बंदिस्त सॉफ्टवेअर केवळ इंटेल-एएमडीसाठी मिळत असेल, तर तो दरवाजा बंदच.

वापरलेल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये मेमरी वाढवता येते, एसएसडी बसवता येते, पंखा आणि वीजपुरवठा आधीच असतो. चार कोअर, ३ गिगाहर्ट्झ आणि एव्हीएक्स-२ हा, एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर क्रिया करणारा, सूचनांचा संच असलेला प्रोसेसर एका आवर्तनात प्रत्येक कोअरमागे दुहेरी अचूकतेच्या (दर आकड्याला ८ बाइट) १६ क्रिया करू शकतो. म्हणजे कागदावर एका यंत्राचे १९२ गिगाफ्लॉप (सेकंदाला १९,२०० कोटी क्रिया) होतात. प्रत्यक्षात त्यातले किती पदरात पडतात हा भाग निराळा. शक्य असल्यास चारही यंत्रे एकाच मॉडेलची घ्यावीत. सरमिसळ चालते, पण काम समान वाटले तर सर्वांत सुस्त यंत्राचा वेग हाच सगळ्यांचा वेग होतो.

बाजारात सहज मिळणारे भाग आणि मुक्त सॉफ्टवेअर यांतून क्लस्टर बांधण्याची ही रीत जुनी आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये १६ साधे ४८६ जातीचे संगणक १० मेगाबिटच्या इथरनेटने जोडले आणि त्याला बेवुल्फ हे नाव दिले. एका मार्गाने निरोप मावेनात म्हणून त्यांनी प्रत्येक संगणकाला दोन इथरनेट मार्ग देऊन ते एकत्र वापरले होते. नेटवर्कची तक्रार तेव्हाही होतीच.

प्रश्न : प्रत्येकी १६ गिगाबाइट मेमरीचे चार संगणक जोडल्यावर ६४ गिगाबाइटचा एक संगणक मिळेल का? छायाचित्रांचे संपादन, मोठी स्प्रेडशीट यांचा वेग वाढेल का? — एक छायाचित्रकार

उत्तर : दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर द्यावे लागते. क्लस्टरमधला प्रत्येक संगणक आपली स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालवतो आणि दुसऱ्याच्या मेमरीत त्याला थेट हात घालता येत नाही. जे हवे ते निरोप पाठवून मागावे लागते. प्रोग्राम तसा लिहिलेला असेल तरच चौघांची मेमरी मिळून वापरली जाते, आणि संपादनाचे किंवा स्प्रेडशीटचे नेहमीचे प्रोग्राम तसे लिहिलेले नसतात. तुमच्या कामाला एकाच संगणकात मेमरी वाढवणे हाच उपाय. एकाच प्रकारची प्रक्रिया हजारो छायाचित्रांवर करायची असेल, तर मात्र छायाचित्रे चार गठ्ठ्यांत वाटून प्रत्येक संगणकाला एक गठ्ठा देता येईल.

प्रश्न : स्विच, केबल, कार्ड यांत काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये? वायफायवर भागेल का? — एक अभियंता

उत्तर : निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या कामाला वायफाय वापरू नये. त्याचा जाहीर वेग मोठा दिसला, तरी प्रत्येक निरोपाला लागणारा वेळ कमी-जास्त होत राहतो आणि एकाला झालेला उशीर सगळ्यांना भोवतो. स्वतंत्र कामे नुसती वाटून द्यायची असतील तर चालेल.

वेगाबरोबर विलंबही पाहावा. साध्या गिगाबिट इथरनेटवर अगदी छोटा निरोप पोहोचायलाही ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मेमरीतून एक आकडा आणायला एक-दशांश मायक्रोसेकंद पुरतो. म्हणून हजार छोटे निरोप पाठवण्यापेक्षा ते एकत्र बांधून एकच मोठा निरोप पाठवणे केव्हाही परवडते. महासंगणकांत वापरले जाणारे इन्फिनिबँड हे नेटवर्क हा विलंब एक-दोन मायक्रोसेकंदांवर आणते. त्याची जुनी कार्डे कमी खर्चात मिळतात खरी, पण त्यांचा उष्मा, त्यांची ड्रायव्हर सॉफ्टवेअरे आणि छोट्या डेस्कटॉपमध्ये ती बसवण्यासाठी नसलेली जागा पाहता पहिल्या क्लस्टरसाठी आम्ही त्यांची शिफारस करणार नाही.

केबल बदलण्याची गरज सहसा पडत नाही. कॅट ५ई दर्जाच्या केबलवरून १०० मीटरपर्यंत अडीच गिगाबिटही जाते. सर्व संगणकांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या बाबतीत सर्व पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतात का, एवढे पाहिले की पुरे. व्यवस्थापनाच्या सोयी असलेला महागडा स्विच लागत नाही. संगणक दोनच असतील, तर स्विचही नको, थेट केबल जोडावी. तीन असतील आणि प्रत्येकाला दोन पोर्ट असतील, तर त्रिकोण करून जोडता येतात.

काटकसरीचा आणि तोल सांभाळण्याचा एक चांगला नमुना म्हणून कॅल्विन महाविद्यालयात जोएल ॲडम्स आणि त्यांचे विद्यार्थी टिम ब्रॉम यांनी २००७ मध्ये बांधलेल्या मायक्रोवुल्फकडे पाहता येते. त्यांनी दुहेरी कोअरचे चार मदरबोर्ड कॅबिनेटविना एकावर एक रचले, प्रत्येक बोर्डाला दुसरे नेटवर्क कार्ड लावले आणि आठ पोर्टच्या गिगाबिट स्विचने ते जोडले; म्हणजे कोअर आठ आणि नेटवर्कचे मार्गही आठ. टेबलावर मावणाऱ्या या मांडणीने २६.२५ गिगाफ्लॉप वेग मोजून दाखवला. प्रोसेसरवर सगळे पैसे उधळून उरलेल्या चिल्लरीत नेटवर्क बसवण्याची सवय अनेकांना असते, त्यांनी ही रचना जरूर अभ्यासावी.

प्रश्न : चार संगणकांवर लिनक्स बसवले आहे. पुढे कोणत्या क्रमाने जावे? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : चारही ठिकाणी लिनक्सची एकच आवृत्ती असावी. एका संगणकाला मुख्य नोड करावे. बाहेरच्या जगाशी संबंध त्याचाच राहील आणि बाकीचे तीन आतल्या खाजगी नेटवर्कवर राहतील. प्रत्येकाला कायमचा आयपी पत्ता आणि नाव द्यावे आणि ती यादी चौघांच्याही होस्ट्स फाइलमध्ये एकसारखी लिहावी. वापरकर्त्याचे नाव तर तेच हवेच, पण त्यामागचा ओळख क्रमांकही चारही ठिकाणी तोच हवा, नाहीतर सामायिक फाइलींची मालकी भलत्याकडे जाते. त्यानंतर मुख्य नोडवरची होम डिरेक्टरी एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या सोयीमार्फत इतरांना वापरायला द्यावी, एसएसएच (दुसऱ्या संगणकात नेटवर्कवरून शिरण्याची सुरक्षित सोय) हिच्या चाव्या करून पासवर्डविना प्रवेश होतो याची खात्री करावी आणि क्रोनी वापरून घड्याळे जुळवावीत.

मग एमपीआय, म्हणजे निरनिराळ्या संगणकांवरच्या प्रक्रियांत निरोपांची देवाणघेवाण करण्याची प्रमाणित पद्धत, पुरवणाऱ्या ओपनएमपीआय किंवा एमपीआयसीएच यांपैकी एक, आणि एकच, बसवावे. दोन्ही बसवल्यास एकाने संकलित (कंपाइल) केलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या आज्ञेने सुरू होतो आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या चार प्रती चालू झालेल्या दिसतात. प्रत्येक प्रत स्वतःला शून्य क्रमांकाची समजत असेल, तर बहुधा हाच घोटाळा झालेला असतो. कामांची रांग लावणारे स्लर्म पहिल्या दिवशी लागत नाही. दोन जण वापरू लागले किंवा रात्री वीस कामे रांगेत लावून झोपायचे असेल, की ते बसवावे.

प्रश्न : एसएसएच नीट चालते. प्रत्येक नोडचे नाव छापणारा चाचणी प्रोग्रामही चालतो. पण खरा प्रोग्राम पहिल्याच निरोपाला गोठतो, चूक दाखवत नाही आणि पुढेही सरकत नाही. शिवाय एकाच संगणकावर चार प्रक्रिया लावल्या तर तो एका प्रक्रियेपेक्षाही हळू चालतो. — एक संशोधक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निरनिराळे आजार आहेत.

नाव छापण्याच्या चाचणीत नोड एकमेकांशी बोलतच नाहीत. छापलेली ओळ सुरुवात करून देणाऱ्या यंत्रणेच्या मार्गानेच मुख्य नोडकडे परत येते. खरा निरोप मात्र दोन प्रक्रियांमध्ये नव्याने उघडलेल्या टीसीपी जोडणीवरून, कोणत्याही मोकळ्या पोर्ट क्रमांकावरून जातो. तेथे फायरवॉल आडवी येते. आतल्या खाजगी नेटवर्कपुरती ती पूर्ण मोकळी करून पाहावी. तरीही गोठत असेल, तर नोडवर आणखी कोणते नेटवर्क पत्ते आहेत ते तपासावे. डॉकर किंवा आभासी यंत्रांचे सॉफ्टवेअर बसवलेले असल्यास ते आपला एक आभासी नेटवर्क-पूल (ब्रिज) उभारते, त्याचा पत्ता प्रत्येक नोडवर बहुधा सारखाच असतो, आणि ओपनएमपीआय भाबडेपणाने त्या पत्त्यावर शेजाऱ्याला शोधू लागते. निरोपांसाठी अमुकच नेटवर्क वापरावे असे ओपनएमपीआयला सुरू करतानाच सांगता येते. तेथे क्लस्टरच्या खाजगी नेटवर्कचे नाव द्यावे.

वेग मंदावण्याचे कारण बहुतेक दुहेरी वाटणी हे असावे. रेषीय बीजगणिताची आधुनिक लायब्ररी आपणहून यंत्रातल्या सर्व कोअरवर थ्रेड, म्हणजे एकाच प्रक्रियेचे समांतर चालणारे धागे, पसरवते. तुम्ही चार प्रक्रिया सुरू केल्या आणि प्रत्येकीने चार थ्रेड काढले, म्हणजे चार कोअरसाठी सोळा जण भांडू लागले. थ्रेडची संख्या ठरवणारे ओएमपी-नम-थ्रेड्स (OMP_NUM_THREADS) हे परिवर्तनीय मूल्य १ करून पुन्हा मोजून पाहावे. तरीही चार प्रक्रियांचा वेग एकीच्या दीडपटीपुढे जात नसेल, तर मेमरीचा पुरवठा आधीच तुंबला आहे असे समजावे. पहिल्या उत्तरातल्या उष्णतेच्या गणितात अगदी तेच घडते.

प्रश्न : वीज किती लागेल? खोली तापेल का? — एक गृहिणी, जिच्या मुलाने क्लस्टर बांधायला घेतला आहे

उत्तर : पूर्ण भाराखाली प्रत्येकी ५० वॅट घेणारे चार छोटे डेस्कटॉप धरले, तर २०० वॅट झाले, चोवीस तासांचे ४.८ युनिट. हे २०० वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरतात, तेव्हा बंद कपाटात किंवा पलंगाखाली यंत्रे ठेवू देऊ नये आणि मागच्या बाजूला हवा जायला वीतभर जागा सोडायला सांगावी. काम नसताना नोड बंद ठेवून गरज पडेल तेव्हा मुख्य नोडवरून नेटवर्कद्वारे जागे करण्याची सोय बहुतेक डेस्कटॉपमध्ये असते. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती चालू करावी लागते. खरा त्रास विजेपेक्षा छोट्या पंख्यांच्या आवाजाचा होतो, आणि सर्व्हर म्हणून विकली गेलेली जुनी यंत्रे आणली असतील तर तो बंद दाराआडूनही ऐकू येतो.

प्रश्न : हे सगळे वाचून असे वाटते की एकच दमदार संगणक किंवा एक ग्राफिक्स कार्ड घेणे शहाणपणाचे. मग क्लस्टर हवा कशाला? — एक सॉफ्टवेअर व्यावसायिक

उत्तर : सगळे नव्याने विकत घ्यायचे असेल, तर तुमचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. वर काढलेल्या हिशेबाने चार जुन्या डेस्कटॉपचे ७६८ गिगाफ्लॉप होतात. तेवढ्याच वेगाचे १६ कोअर असलेल्या एका नव्या प्रोसेसरचेही तेवढेच होतात, आणि त्याच्या कोअरना एकमेकांशी बोलायला केबल लागत नाही. ग्राफिक्स कार्ड तर ठरावीक कामांत दोघांनाही मागे टाकते. फक्त दुहेरी अचूकतेच्या गणितासाठी ते घेण्यापूर्वी थांबावे. घरगुती वापराच्या एनव्हिडिया कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या एक-बत्तिसांश किंवा त्याहूनही कमी ठेवलेला असतो.

क्लस्टरच्या बाजूने तीन परिस्थिती उरतात. यंत्रे आधीच हाताशी आहेत आणि ती पडून आहेत, ही पहिली. काम स्वतंत्र तुकड्यांचे आहे आणि आज दोन, पुढे सहा अशी टप्प्याटप्प्याने वाढ करायची आहे, ही दुसरी. तिसरी शिकण्याची : ज्याला पुढे विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या महासंगणकावर काम करायचे आहे, त्याला एमपीआय, स्लर्म, सामायिक फाइली आणि रांगेची शिस्त घरच्या टेबलावर आधी शिकता येते, आणि तेथे लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावर पुन्हा संकलित केला की चालतो. सोळा कोअरच्या एका यंत्रावरही एमपीआय शिकता येते हे खरे. पण तेथे नेटवर्क नसल्यामुळे निरोपांची खरी किंमत कळत नाही आणि वाईट सवयी लागतात.

प्रश्न : दोन दिवस चालणारे गणित मध्येच वीज गेल्याने वाया जाते. चार संगणकांना चार यूपीएस घ्यावेत का? — पहिल्या प्रश्नासारख्याच विषयावर काम करणारे एक वाचक

उत्तर : यूपीएस मुख्य नोड आणि स्विच यांना असावा, म्हणजे सामायिक फाइली खराब होणार नाहीत. बाकीच्यांसाठी प्रोग्राममध्येच ठरावीक काळाने स्थिती डिस्कवर उतरवण्याची सोय करावी. एक नोड गेला तरी एमपीआयचे संपूर्ण काम बंद पडते, त्यामुळे यूपीएस असला तरी ही सोय टाळता येत नाही.

प्रत्येक दिशेला ४०० बिंदूंच्या जाळीची तापमाने सुमारे ५१ कोटी बाइट भरतात. ती नेटवर्कवरून मुख्य नोडवर लिहायला पाच सेकंदांच्या आसपास लागतील. प्रत्येक नोडने आपला चौथा हिस्सा स्वतःच्या एसएसडीवर लिहिला तर एक सेकंदही पुरतो, पण मग त्या नोडची एसएसडी गेली की तो हिस्साही गेला. किती वेळाने लिहावे यासाठी जॉन यंग यांनी १९७४ मध्ये दिलेले सूत्र सोपे आहे : लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी काळ यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. पाच सेकंद आणि दिवसातून एकदा वीज जाणे, या आकड्यांवरून उत्तर ९३० सेकंदांच्या जवळ येते. दर पाव तासाला लिहिले की पुरे.

आधीच्या फाइलवर थेट लिहू नये. नव्या नावाने पूर्ण लिहून झाल्यावरच तिला जुने नाव द्यावे, कारण जुन्या फाइलवरच लिहीत असताना वीज गेली तर जुनी आणि नवी दोन्ही स्थिती हातच्या जातात. एक छोटे काम मुद्दाम मध्येच मारून पुन्हा सुरू करावे आणि अखंड चाललेल्या कामाच्या निकालाशी ताडून पाहावे. पुन्हा सुरू करताना नोडची संख्या बदलली असेल, तर बेरजांचा क्रम बदलल्यामुळे एकूण ऊर्जेसारख्या आकड्यांत शेवटच्या एक-दोन स्थानांचा फरक पडू शकतो. तो दोष समजू नये. फरक त्याहून आधीच्या स्थानांत दिसला, तर एखादी सीमा लिहायची राहून गेली आहे का ते आधी तपासावे.